भुकेल्या पानांचा पडदा

वहीचा एखादा जुना पुठ्ठा शोधा आणि त्याला मधोमध पेन्सिलीने एक भोक पाडा. एक डोळा मिटून पुठ्ठा दुसऱ्या डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि खिडकीबाहेर बघा. समोरची इमारत, तिच्यावरच्या टाक्या, खालचा रस्ता, रस्त्यावरची रिक्षा... एवढ्याशा भोकातून केवढं दिसतं! आता हात लांब करून पुठ्ठा समोर धरा. भोक तेच, पण त्यातून त्या इमारतीची जेमतेम एखादी खिडकी दिसते. शेवटी भावाला किंवा मैत्रिणीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा, पुठ्ठा पुन्हा डोळ्याला लावा आणि विचारा, "माझं काय काय दिसतंय?" त्यांना दिसेल फार तर बुबुळाचा काळा ठिपका. तुम्हाला मात्र ते डोक्यापासून पायापर्यंत दिसतात.

ज्याचा डोळा भोकाजवळ, त्याला भोकातून भरपूर दिसतं. लांबून बघणाऱ्याच्या वाट्याला चिमूटभर तुकडा येतो. कुंड्यांतल्या झाडांचा पडदा याच हिशेबावर चालतो.

असा पडदा कशाला हवा, हे शहरातल्या मुलांना सांगायला नको. पुण्यात, ठाण्यात, नाशकात इमारती इतक्या जवळ आल्या आहेत की गॅलरीत पाय पसरून गोष्टीचं पुस्तक उघडलं, की समोरून हाक येतेच, "काय गं, परीक्षा संपली वाटतं?" समोरच्या काकू प्रेमानेच विचारतात. तरी कधीकधी आपल्याला कुणी बघू नये असं वाटतं, मोठ्यांनाही आणि तुम्हालाही. मग घरात चर्चा सुरू होते. हिरवी जाळी लावायची, बांबूची चटई सोडायची की झाडं आणायची? मला विचाराल तर झाडं. जाळी लावली त्या दिवशी जशी असते तशीच राहते आणि पुढे उन्हाने जीर्ण होऊन फाटते. झाड रोज काहीतरी करत असतं. ते काय करतं हे जवळून बघायला मिळणं, हा मला आडोशापेक्षाही मोठा फायदा वाटतो.

पानांच्या पडद्याला फटी असतात, म्हणून काहींना वाटतं की तो कुचकामी. तुमच्या पुठ्ठ्याने त्याचं उत्तर दिलंच आहे. तुम्ही पानांच्या अगदी मागे बसलात, तर फटींतून तुम्हाला बाहेरचं दिसतं आणि पलीकडच्या इमारतीतल्या माणसाला नुसती पानं दिसतात. दिवसा उजेडही तुमच्या बाजूने असतो. बाहेरची पानं उन्हात लखलखतात, तुम्ही सावलीत असता आणि उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना सावलीतलं नीट दिसत नाही. रात्री हे सगळं उलटतं. गॅलरीत दिवा लावून बसलात, तर फटींतून तुम्हीच चमकता. त्यामुळे संध्याकाळचा आडोसा हवा असेल, तर पडदा जास्त दाट हवा किंवा दिवा मंद हवा. फटींचा आणखी एक उपयोग आहे. वारा त्यांतून गाळला जाऊन हळू होतो. भरीव पत्रा उभा केला, तर वारा त्याच्यावरून उसळतो आणि मागे भोवरे करतो.

आता उंची. रोपवाटिकेत गेल्यावर सगळे सगळ्यात उंच झाडाकडे बोट दाखवतात. थांबा, आधी लोकरीचा धागा घ्या. तुम्ही नेहमीच्या खुर्चीत बसा आणि धाग्याचं एक टोक डोळ्याशी धरा. दुसरं टोक मित्राने कठड्याच्या आतल्या बाजूला उभं राहून धरायचं आणि वर-खाली करायचं. ते टोक समोरच्या ज्या खिडकीतून तुम्ही दिसता, तिच्यावर आलेलं दिसलं की "थांब!" म्हणा. जमिनीपासून ते टोक किती उंच आहे, ते मोजा. तेवढी उंची झाकली की त्या खिडकीतून तुमचे डोळे दिसणार नाहीत.

एक हिशेब करून बघू. समजा, समोरची इमारत १२ मीटर दूर आहे आणि तिथला माणूस तुमच्यापेक्षा ३ मीटर वर आहे. म्हणजे त्याच्याकडे जाणारी नजर दर मीटरला २५ सेंटिमीटर चढते. बसल्यावर तुमचे डोळे जमिनीपासून १ मीटरवर आहेत आणि झाड तुमच्यापासून १ मीटरवर ठेवलं आहे. तिथे नजर पोहोचते १२५ सेंटिमीटरवर. डोक्याचा वरचा भागही झाकायचा म्हणून त्यात १५ मिळवा, झाले १४०. कुंडीच ३० सेंटिमीटर उंच असेल, तर झाड हवं फक्त ११० सेंटिमीटरचं, साडेतीन फुटांच्या आसपास! हेच झाड अर्ध्या मीटरवर ओढून घेतलंत, तर ते आणखी थोडं बुटकं चालतं. वरून बघणाऱ्यासाठी असंच होतं, झाड जितकं तुमच्याजवळ तितकं कमी उंचीत काम होतं. सात फुटी झाड आणायचा खर्च एका धाग्याने वाचतो.

पण झाडाला या सगळ्याचं काय? त्याला तुमचं गुपित राखायचं नसतं. त्याला भूक लागलेली असते. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांकडून आलेलं पाणी घेऊन उजेडाच्या जोरावर साखर बनवतं. उजेड दोन पानांच्या मधून निसटून गेला, तर तो त्याच्यासाठी वाया गेला. भिंतीवर चढलेली एखादी वेल समोरून नीट बघा. पानं एकमेकांवर फारशी चढलेली नसतात. दोन मोठ्या पानांमधल्या फटीत एखादं लहान पान नेमकं बसलेलं असतं. कुणाचा देठ लांब, कुणाचा आखूड, कुणाचा थोडा पीळ घेतलेला. या मांडणीला शास्त्रज्ञ 'पर्ण-मोझेक' म्हणतात. उजेड पकडण्यासाठी पानांनी बुजवलेल्या या फटी म्हणजेच आपला आडोसा. जिकडून उजेड येतो तिकडे पानं तोंड करतात, आणि गॅलरीत उजेड येतो बाहेरून. म्हणून लावता तुम्ही, पाणी घालता तुम्ही, पण पानांचे चकचकीत चेहरे आणि बरीचशी फुलं दिसतात समोरच्या काकूंना! तुमच्याकडे पानांच्या पाठी. त्या पाठीही बघण्याजोग्या असतात. उन्हाविरुद्ध धरलेल्या पानाच्या शिरा एकेक मोजता येतात. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त शोषून घेतं, हिरवा त्या मानाने कमी, म्हणून पानातून गाळून आत येणारा उजेड हिरवट असतो.

तर झाड निवडताना पहिला प्रश्न 'कुठलं सुंदर?' हा नको. 'माझ्या गॅलरीत त्याला किती खायला मिळेल?' हा हवा. एखाद्या रविवारी सकाळी सात ते संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला गॅलरीत डोकावा आणि जमिनीवर थेट ऊन आहे की नाही, ते कागदावर लिहा. मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिशाही बघून ठेवा. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन येतं आणि ते बहुतेक झाडांना मानवतं. पश्चिमेची गॅलरी एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर तापते, तिथे राकट झाडंच टिकतात. दक्षिणेकडे हिवाळ्यात सूर्य खालून फिरतो, म्हणून तेव्हा ऊन आतपर्यंत शिरतं. आणि उत्तरेची गॅलरी? 'तिथे कधीच ऊन येत नाही', असं मोठी माणसं सांगतात. महाराष्ट्रात ते पूर्ण खरं नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. पुण्या-मुंबईत मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास एक दिवस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तो शून्य सावलीचा दिवस. नागपूर आणखी उत्तरेला, म्हणून तिथे तो मेच्या अखेरीस येतो. त्यानंतर पुण्या-मुंबईत जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! वर्षभर सावलीत वाढलेल्या झाडाला त्या दिवसांत अचानक ऊन लागतं आणि पानं करपतात. कारण माहीत असलं की कुंडी दोन हात आत ओढता येते.

भरपूर ऊन असलेल्या जागेसाठी माझी पहिली निवड बोगनवेल. तिला रोज पाच-सहा तास तरी ऊन हवं, पाणी मात्र बेताचंच. आपण ज्यांना फुलं म्हणतो, ती गुलाबी-केशरी 'फुलं' म्हणजे रंगीत पानं असतात. खरी फुलं त्यांच्या मधोमध, बारीक, पांढरट नळ्यांची. ही ब्राझीलची वनस्पती. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील याच्या जगप्रवासात, १७६७ साली, त्याच्या मोहिमेतला वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेर्सों याने तिची नोंद केली आणि कप्तानाचं नाव तिला मिळालं. मोहिमेच्या जहाजांवर बायकांना परवानगी नव्हती. पण कोमेर्सोंची मदतनीस झान बारे पुरुषाच्या वेषात प्रवासाला निघाली आणि झाडं गोळा करत होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. बोगनवेलीला काटे असतात, म्हणून जिथे तुमची धावपळ चालते तिथे तिला ठेवू नका. उन्हाच्या जागी कडीपत्ताही छान दाट होतो. जागा आणि मोठी कुंडी असेल तर मधुमालती. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी होतात आणि पुढे लालभडक. म्हणून एकाच घोसात तीन रंग दिसतात.

ऊन कमी असेल तर अरेका पाम आणि मनी प्लांट. मनी प्लांट कुणाकडे नाही? पण त्याची एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. तो मुळात प्रशांत महासागरातल्या मोओरेआ नावाच्या छोट्या बेटावरचा. त्याला फूल आलेलं जवळजवळ कुणीच बघत नाही, कारण फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक त्याच्यात पुरेसं बनत नाही. आपल्या कामाची गोष्ट याहून वेगळी आहे. मनी प्लांट वर चढत गेला की त्याची पानं मोठी होत जातात, आणि खाली लोंबत सोडला की लहान होतात. मग पडद्यासाठी तो टांगायचा की चढवायचा? चढवायचा! काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवा, काथ्या ओला ठेवा. पेरांवरची हवाई मुळं त्यात घट्ट रुततात आणि हळूहळू तळहाताएवढी पानं यायला लागतात.

आता पडद्याच्या सगळ्यात मोठ्या तक्रारीकडे येऊ. आणलं तेव्हा झाड पायापासून शेंड्यापर्यंत भरलेलं होतं. काही महिन्यांत वर झुपका उरला आणि खाली नुसत्या काड्या. नेमकं बसलेल्या माणसाच्या उंचीलाच भगदाड! असं का होतं, याचा शोध फार सुरस आहे.

चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताचे अगदी कोवळे कोंब घेतले. एका बाजूने उजेड दिला की कोंब तिकडे वाकत. त्यांनी काही कोंबांच्या टोकांवर छोट्या, उजेड न जाऊ देणाऱ्या टोप्या घातल्या. टोपीवाले कोंब सरळच राहिले. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला, तर कोंब वाकले. उजेड कळत होता टोकाला, आणि वाकत होता खालचा भाग! म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात होता. हे त्यांनी १८८० साली पुस्तकात लिहिलं. तो निरोप काय आहे, हे हॉलंडमधल्या फ्रिट्स वेन्ट या तरुणाने १९२६ मध्ये दाखवून दिलं. त्याने ओटच्या कोंबांची टोकं कापून अगरच्या वडीवर ठेवली. अगर म्हणजे चायना ग्रास, ज्याचा गोड पदार्थ करतात, तेच. मग टोकं बाजूला काढली आणि ती वडी टोक कापलेल्या कोंबाच्या एका कडेवर, अंधारात ठेवली. कोंब वाढला आणि वाकलासुद्धा, टोक नसताना! टोकातलं रसायन वडीत उतरलं होतं. त्याला ऑक्सिन म्हणतात. उजेड एका बाजूने आला की ऑक्सिन सावलीच्या बाजूला जास्त जमतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो.

हेच ऑक्सिन शेंड्यातून खाली उतरताना आणखी एक काम करतं. प्रत्येक पानाच्या काखेत एक झोपलेला कोंब असतो. शेंडा शाबूत आहे तोवर ऑक्सिन त्याला झोपवून ठेवतं, म्हणून झाड वरवर जातं आणि फांद्या फोडत नाही. शेंडा खुडला की निरोप थांबतो आणि काखेतले कोंब जागे होतात. एकाच्या जागी दोन-तीन फांद्या फुटतात. आजी तुळशीच्या मंजिऱ्या खुडते तेव्हा तुळस डेरेदार होते, त्यातही हेच शास्त्र आहे. पडद्याचं झाड हव्या त्या उंचीला पोहोचायची वाट बघू नका. लहान असतानाच, गुडघ्याएवढं झालं की पहिला शेंडा खुडा. झाड थोडं उशिरा उंच होईल, पण पायापासून भरेल. अरेका पाम मात्र या नियमात बसत नाही. पामाच्या खोडाला वाढायला एकच शेंडा असतो आणि तो कापला की ते खोड संपलं.

खालची पानं गळायला दाटीही कारणीभूत असते. पानं लाल उजेड शोषून घेतात, पण त्यापलीकडचा अतिलाल उजेड, जो आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, तो बराचसा जाऊ देतात आणि परतवतात. शेजारी दुसरं झाड आलं की लाल कमी आणि अतिलाल जास्त, असा उजेड मिळू लागतो. फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्याने झाडाला हे कळतं. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या शेतीसंशोधकांनी ते १९५० च्या दशकात शोधून काढलं. डोळे नसलेल्या झाडाला शेजारी कोण आलंय ते कळतं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं! शेजारी कळला की झाड घाईघाईने उंच होतं आणि खालच्या पानांवरचा खर्च थांबवतं. पडदा लवकर भरावा म्हणून कुंड्या चिकटवून ठेवल्या, तर नेमकं उलटं होतं. दोन झाडांची पानं एकमेकांना जेमतेम शिवतील एवढं अंतर ठेवा आणि पायथ्याशी सावलीत राहणारी बुटकी झाडं मांडा.

किंवा जमिनीतूनच नवे कोंब काढणारी झाडं निवडा. अरेका पाम तसाच, म्हणून तो पायाशी भरलेला राहतो. आणि बांबू! बांबू हे गवत आहे, हे ऐकलं असेलच. पण त्याचा कोंब जमिनीतून बाहेर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते, हे माहीत होतं? आंब्याचं खोड दर वर्षी जाड होतं. बांबू मात्र फक्त लांबतो. कुंडीत लावायला बेटाने वाढणारी बुटकी जात मागा. काही परदेशी जातींचे जमिनीखालचे दांडे लांबवर पळतात आणि कुंडी फोडू शकतात.

कुंडीबद्दल एक प्रयोग. भांडी घासायचा नवा, लांबट स्पंज पाण्यात बुडवा आणि बादलीवर आडवा धरा. पाणी ठिबकून थांबलं? आता न पिळता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा ठिबकायला लागेल! पाणी बारीक छिद्रांत अडकून राहतं आणि उंची मिळाली की त्याच्याच वजनाने खालून निघून जातं. कुंडीतल्या मातीतही हेच होतं. उथळ कुंडीत तळाचा ओला थर मुळांच्या अगदी जवळ राहतो, पावसाळ्यात मुळं गुदमरतात आणि कुजतात. तळाशी खडी घातल्याने हा थर जात नाही, तो नुसता खडीच्या वर सरकतो. म्हणून कठड्याशी लावायच्या लांब, उथळ कुंड्यांपेक्षा थोड्या खोल कुंड्या घ्या. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये कुंडीतल्या झाडांवरच्या अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले. कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाची वाढ सरासरी ४३ टक्क्यांनी जास्त झाली होती. मुळांना भिंत लागली की वरची वाढ मंदावते.

मग भली मोठी कुंडीच आणायची का? वजन करा आधी. ६० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि २० खोल कुंडीत २४ लिटर माती मावते. ओल्या मातीचं वजन लिटरला दीड किलो धरलं, तर ३६ किलो. अशा पाच कुंड्या म्हणजे १८० किलो, झाडं वेगळीच. गॅलरी किती वजन पेलते, हे मोठ्यांनी जाणकाराला विचारूनच ठरवायला हवं. मातीत कोकोपीट आणि गांडूळखत मिसळलं की वजन बरंच उतरतं. आणि एक नियम पक्का: कठड्यावर किंवा कठड्याबाहेर कुंडी ठेवायची नाही. वाऱ्याने पडलेली कुंडी खालच्या माणसाचा जीव घेऊ शकते. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासायची. डेंग्यू पसरवणारा डास अशाच पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

महामार्गाच्या दुभाजकावर दाट, गुलाबी फुलांची झुडपं बघितली असतील. ती कण्हेर. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर येऊ नये, म्हणूनही ती तिथे लावतात. म्हणजे तोही पडदाच, आणि उत्तम. ऊन, धूळ, कोरडी हवा, काहीही सोसते. पण तिच्या पानांपासून फुलांपर्यंत सगळं विषारी असतं, गुरंही तिला तोंड लावत नाहीत. ज्या घरात लहान मुलं, मांजर किंवा कुत्रा आहे, तिथे ती नको. डिफेनबॅकियाही नको, त्याचं पान चावलं तर तोंड सुजतं.

कडीपत्त्याच्या पानांना एखाद्या सकाळी मोठी भोकं पडलेली दिसतील. औषध फवारायला धावू नका, आधी पानं उलटून बघा. पक्ष्याच्या विष्ठेचा ठिपका वाटेल अशी काळी-पांढरी अळी असेल, तर ते कॉमन मॉर्मन फुलपाखराचं पिल्लू. मोठी झाली की ती हिरवी होते आणि पानांत दिसेनाशी होते. पडद्याला थोड्या खिडक्या पडतील, पडू द्या. पानं पुन्हा येतात.

कमी जागेत, कमी वजनात पडदा हवा असेल तर वेलीच खऱ्या कामाच्या. कठड्यापासून वरपर्यंत सुतळ्या बांधा आणि जूनमध्ये गोकर्णाच्या बिया पेरा. दीड-दोन महिन्यांत निळी फुलं येतात. (फूल गरम पाण्यात टाकून निळं पाणी करा आणि त्यात लिंबू पिळा. काय होतं, ते मी सांगणार नाही.) वरून लोंबणारा पडदा हवा असेल, तर म्यानमार-थायलंडकडची कर्टन क्रीपर आहे. तिला सुतळीसुद्धा लागत नाही, ती सरळ खाली झुलते. कृष्णकमळाची तऱ्हा वेगळी. त्याला तणावे असतात, म्हणजे बारीक, हिरवे, आधार शोधणारे धागे. डार्विनने एका जातीच्या कृष्णकमळाच्या तणाव्याला काडी लावून वेळ मोजला, तर सुमारे अर्ध्या मिनिटात टोक वळायला लागलं! तणाव्याने सुतळी पकडली की तो गुंडाळत जातो आणि त्याची स्प्रिंग होते. ती भिंगातून बघा. अर्धी स्प्रिंग एका दिशेने गुंडाळलेली असते, अर्धी उलट दिशेने आणि मध्ये एक सरळ तुकडा. दोन्ही टोकं बांधलेली असताना धाग्याला पीळ न पडता स्प्रिंग करायची, तर दुसरा मार्गच नाही. लोकरीचा धागा दोन बोटांत ताणून प्रयत्न करून बघा.

गोकर्णाला तणावे नसतात. त्याचा शेंडाच हवेत गोल फिरतो आणि आधार लागला की त्याच्याभोवती वळसे घेत चढतो. जगातल्या शंभरातल्या नव्वदाहून जास्त वेली एकाच दिशेने वळसे घेतात. वरून खाली बघितलं, तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. तुमच्या भागातल्या वेली तपासा, उलटी वळणारी सापडली तर मोठीच कमाई.

हे फिरणं डार्विनने आजारपणात पकडलं. त्याला खोलीबाहेर जाता येत नव्हतं, म्हणून त्याने हॉप नावाच्या वेलीची कुंडी खोलीतच ठेवून घेतली आणि शेंड्याचा वेळ मोजत बसला. गरम हवेत एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं लागत होती. तुम्हालाही हे सुट्टीच्या दिवशी करता येईल. गोकर्णाच्या मोकळ्या शेंड्याखाली पुठ्ठ्याची गोल चकती बसवा, तिच्यावर घड्याळाचे आकडे लिहा आणि दर पंधरा मिनिटांनी शेंडा कुठल्या आकड्याकडे बघतोय, ते वेळेसकट टिपा. एक नोंद लख्ख उन्हाच्या दिवशी घ्या आणि एक गार, ढगाळ दिवशी. कुठल्या दिवशी फेरी लवकर पूर्ण होईल, ते मोजण्याआधीच वहीत लिहून ठेवा.